न खपलेले शिंगरू

घोड्यांच्या शर्यतींचा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षित घरांतून दोन तट पडतात. काहींच्या डोळ्यांपुढे महालक्ष्मीचे हिरवेगार मैदान आणि रंगीबेरंगी सदऱ्यांतले स्वार उभे राहतात. तर काहींना, विशेषतः घरातील वडीलधाऱ्यांना, पगाराच्या दिवशी रिकाम्या खिशाने परतणारा एखादा नातलग आठवतो. या दुसऱ्या पक्षाला मी आरंभीच आश्वासन देतो की, पैसे कोणत्या घोड्यावर लावावेत हे मला कळत नाही, आणि कळत असते तरी ते मी येथे सांगितले नसते. मला आज सांगावयाचा आहे तो निराळाच जुगार. तो मैदानावर दोन मिनिटांत संपत नाही. पागेत चालतो आणि त्याचा निकाल लागावयास पुष्कळदा वीस-वीस वर्षे लागतात. कॅनडात जन्मलेल्या नॉर्दर्न डान्सर नावाच्या एका ठेंगण्या घोड्याच्या चरित्रात हा जुगार जितका स्पष्ट दिसतो, तितका तो अन्यत्र क्वचितच दिसेल.

ज्याला थरोब्रेड म्हणतात ती घोड्याची जात निसर्गाने दिलेली नाही, माणसाने घडविलेली आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्याच्या आरंभी पूर्वेकडून इंग्लंडात गेलेले तीन घोडे हे तिचे मूळपुरुष मानले जातात, आणि १७९१ पासून इंग्लंडात तिची वंशावळीची वही छापली जात आहे. आपल्याकडे एखाद्या क्षेत्रोपाध्यायाच्या बाडात नसेल इतका काटेकोर हा हिशेब असतो. ‘खाण तशी माती’ हा या धंद्याचा मूलमंत्र. कृत्रिम उपायांनी झालेली पैदास या वहीत मुळी नोंदलीच जात नाही. म्हणून नामांकित घोड्याच्या पागेत घोडी प्रत्यक्ष न्यावी लागते आणि त्या भेटीची फी मोजावी लागते. ही फी पुढे कोठवर चढली, ते ओघाने येईलच.

आता आपल्या कथानायकाची खाण पाहू. आजा नियार्को हा इटलीतला. तो चौदा शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. पुढे तो इंग्लंडात विकला गेला, आणि दुसऱ्या महायुद्धात न्यूमार्केट येथे हवाई हल्ल्यांपासून रक्षण करण्यासाठी त्याच्याकरिता स्वतंत्र निवारा बांधण्यात आला होता. माणसांना निवारे अपुरे पडत होते त्या काळातली ही गोष्ट आहे. तिचे कौतुक करावे की खेद मानावा, ते ज्याचे त्याने ठरवावे. कॅनडातील बडे उद्योगपती ई. पी. टेलर यांनी १९५२ साली न्यूमार्केटच्या बाजारात लेडी अँजेला नावाची घोडी विकत घेतली. १९३३ ची डर्बी जिंकणाऱ्या हायपेरियनची ती मुलगी. हा हायपेरियनही अंगाने अगदी लहान होता, हे आपण ध्यानात ठेवू. लेडी अँजेला व नियार्को यांचा मुलगा निआर्क्टिक. तो १९५४ साली कॅनडात जन्मला. हा आपल्या नायकाचा बाप.

आई नटाल्मा. ती मोठी वेगवान, पण तितकीच मानी. १९५९ साली साराटोगा येथील एका मोठ्या शर्यतीत ती पहिली आली. परंतु अखेरीस स्वाराने चाबूक मारताच ती एकदम बाजूला सरली, दुसरीच्या आड आली आणि पहिला नंबर गमावून बसली. त्या दिवसापासून तिने चाबकाचा जो राग धरला, तो तिच्या ट्रेनरला मोठ्या मिनतवारीने काढावा लागला. पुढच्या वर्षी एका मानाच्या शर्यतीची तयारी चालली असता तिच्या गुडघ्याच्या हाडाचा कपचा उडाला व धावणे संपले. तेव्हा वसंत ऋतू सरत आला होता आणि पैदाशीचा हंगाम संपत आला होता. वर्ष फुकट दवडण्यापेक्षा पाहू तरी, अशा विचाराने तिला घाईघाईने निआर्क्टिककडे पाठविण्यात आले. गुडघा दुखावला नसता, तर हे भाषण करण्याचे कारणच उरले नसते.

२७ मे १९६१ रोजी ऑन्टॅरिओ प्रांतातील ओशावा गावच्या पागेत तिला शिंगरू झाले. कुमैत रंग, तीन पाय पांढरे, आणि कपाळापासून नाकापर्यंत वाकडातिकडा पांढरा पट्टा. उत्तर गोलार्धात या जातीच्या सर्व घोड्यांचे वय १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्या शिंगरांच्या पंक्तीला मेअखेर जन्मलेले हे पोर बसावयाचे. शाळेच्या एकाच इयत्तेत वर्षाच्या आरंभीचा आणि अखेरचा मुलगा शेजारी शेजारी बसविला म्हणजे मास्तरांचे मत कोणाविषयी काय होते, हे पालकांना सांगावयास नको.

टेलरसाहेबांची विक्रीची रीत चमत्कारिक होती. लिलाव नाही, वर्षाच्या प्रत्येक शिंगराची किंमत आधीच ठरवून ठेवलेली. गिऱ्हाइकांनी यावे, पाहावे, हवे ते न्यावे. १९६२ साली नटाल्माच्या मुलावर पंचवीस हजार डॉलरांची चिठ्ठी होती. अनेक धनिक आले. त्यांनी त्याची वंशावळ वाचली, त्याला चालवून पाहिले आणि ते पुढच्या शिंगराकडे वळले. फार बुटका, असाच बहुतेकांचा अभिप्राय पडला. न खपलेला माल घरीच राहतो या न्यायाने तो टेलर यांच्याच रंगांत धावावयाचा ठरला. पुरता वाढल्यावरही त्याची उंची खांद्यापाशी सुमारे पाच फूट दोन इंच भरली. भीमथडीच्या तट्टांवर बसून ज्यांचे पूर्वज मुलूखगिरीला गेले, त्या आपणा लोकांना घोड्याच्या ठेंगणेपणाचे एवढे वावडे वाटू नये. परंतु अमेरिकेच्या बाजारात टेप घेऊन फिरणाऱ्यांची संख्या मोठी होती.

याहून मोठे एक संकट त्याच्यावरून टळले. पोराने आईचा मानीपणा उचलला होता. स्वाराला पाठीवरून फेकावे, सरावाच्या वाटेवर अडून बसावे, अशा त्याच्या खोड्या. ट्रेनर होराशिओ लुरो हे मूळचे अर्जेंटिनाचे, मोठे अनुभवी गृहस्थ. नटाल्माचा रुसवा काढणारेही तेच. त्यांनी या घोड्याला खच्ची करावे असा सल्ला दिला. सल्ला चुकीचा नव्हता. असे घोडे त्या उपायाने निवळतात आणि चांगले धावतातही. परंतु टेलर यांनी नकार दिला. चाकूच्या त्या एका क्षणावर किती पिढ्या टांगलेल्या होत्या, याची सल्ला देणाऱ्याला कल्पना नव्हती आणि नाकारणाऱ्यालाही असणे शक्य नव्हते.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये फोर्ट एरी येथे तो पहिल्यांदा धावला. पाठीवर रॉन टरकॉट नावाचा उमेदवार स्वार होता. चाबूक लावू नकोस, अशी त्याला सक्त ताकीद होती. त्याने मोह न आवरून एक फटका दिला, आणि घोडा असा सुटला की बाकीचे कोठल्या कोठे राहिले. आईला चाबकाने बिथरविले होते, मुलाला त्याच चाबकाने जणू पंख दिले. रक्त एकच, पण ते कोठे कसे उसळेल ते सांगता येत नाही. त्या वर्षी नऊ शर्यतींपैकी सात त्याने जिंकल्या. मात्र हिवाळ्याच्या तोंडी त्याच्या एका खुराला उभी चीर गेली. ‘खूर नाही तर घोडा नाही’ असे हे लोक मानतात. तेव्हा कॅलिफोर्नियाहून एक नालबंद बोलावण्यात आला आणि त्याने रबराचे ठिगळ उष्णतेने खुरावर बसवून ती चीर सांधली. ठिगळ लावलेल्या खुरानिशी हा घोडा पुढच्या वर्षीच्या मोठ्या शर्यतींना उभा राहिला.

१९६४ साली फ्लॉरिडातील दोन मोठ्या शर्यती त्याने जिंकल्या तेव्हा त्याच्यावर बिल शूमेकर हा त्या काळचा अव्वल स्वार होता. केंटकी डर्बी जवळ आली, तशी शूमेकरपुढे निवड आली. एका बाजूला हे ठेंगणे जनावर, दुसऱ्या बाजूला हिल राइज नावाचा उंचापुरा, देखणा घोडा. शूमेकरने हिल राइज निवडला. नॉर्दर्न डान्सरला बिल हार्टॅक मिळाला.

२ मे १९६४. सव्वा मैलाची दौड. अखेरच्या वळणावर हार्टॅकने घोडा पुढे काढला. मागून हिल राइज आपल्या लांबलचक ढांगा टाकीत येऊ लागला. तो एक ढांग टाकी तेथे आपला नायक दीड टाकी. दर क्षणाला अंतर तुटत होते, पण पुरते तुटेना. शेवटी मानेच्या अंतराने ठेंगू जिंकला. वेळ लागली बरोबर दोन मिनिटे. इतक्या कमी वेळात ती शर्यत तोवर कोणी जिंकली नव्हती. नऊ वर्षांनी, १९७३ साली, सेक्रेटेरिएटने हा उच्चांक मोडला तेव्हा त्याच्यावर जो स्वार होता, तो हाच आपला रॉन टरकॉट. आणखी एक योगायोग सांगतो. नटाल्माचा बाप नेटिव्ह डान्सर बावीस शर्यती धावला आणि आयुष्यात एकच हरला. ती एक म्हणजे १९५३ ची केंटकी डर्बी. आजोबांचे राहिलेले देणे नातवाने अकरा वर्षांनी फेडले. कॅनडात जन्मलेल्या घोड्याने ही शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ, आणि तिकडे आनंदाला पारावार राहिला नाही.

दोन आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतही त्याने सव्वादोन घोड्यांच्या अंतराने जिंकली. तिसरी, दीड मैलाची बेलमाँट, हाती आली असती तर अमेरिकेचा त्रिमुकुट पुरा झाला असता. तेथे मात्र तो तिसरा आला. हार्टॅकने त्याला फार आवरून धरले, असे कोणी म्हणतात. दीड मैल हे अंतरच त्याला झेपणारे नव्हते, असे दुसरे म्हणतात. मी दुसऱ्या पक्षाचा आहे. पण त्याच्या तीन मुलांनी पुढे तेवढ्याच अंतराची इंग्लंडची डर्बी जिंकली, त्यामुळे हे मत मी फारसे मोठ्याने सांगत नाही. लगेच मायदेशी परतून त्याने टोरोंटो येथे क्वीन्स प्लेट ही कॅनडाची मानाची शर्यत सव्वासात घोड्यांच्या अंतराने मारली. ती त्याची शेवटची दौड. पुढच्या पायाची शीर दुखावली आणि धावणे कायमचे बंद झाले. एकूण अठरा शर्यती. चौदांत पहिला, दोहोंत दुसरा, दोहोंत तिसरा.

हे सारे येथेच संपते तर त्याला एक गुणी घोडा म्हणून लोकांनी लक्षात ठेवले असते, अधिक काही नाही. खरी कथा १९६५ पासून सुरू होते. त्या वर्षी ओशावाच्या पागेत पैदाशीसाठी त्याची फी दहा हजार डॉलर ठरली. पहिल्याच पिढीतला व्हाइसरीगल हा १९६८ चा कॅनडाचा सर्वोत्तम घोडा ठरला. परंतु जगाचे डोळे उघडले ते दुसऱ्या पिढीने. आयर्लंडचे विख्यात ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायन हे १९६८ साली टेलर यांच्या पागेत आले, ते दुसऱ्याच एका घोड्याचे शिंगरू पाहावयास. ते त्यांना पसंत पडले नाही. पण शेजारी उभ्या असलेल्या एका धिप्पाड कुमैत शिंगरावर त्यांची नजर खिळली. चौऱ्याऐंशी हजार डॉलरांना, आपले धनिक यजमान चार्ल्स एंगलहार्ड यांच्यासाठी, त्यांनी ते घेतले. हा निजिन्स्की.

निजिन्स्की आयर्लंडला पोचला आणि त्याने ओट खाण्याचे साफ नाकारले. कॅनडात त्याला निराळ्या तयार खाद्याची सवय होती. ओब्रायन यांनी घाबरून ते खाद्य कॅनडाहून मागविले. ते येऊन पोचले त्याच दिवशी स्वारी निमूटपणे ओट खाऊ लागली. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत, त्यांना या हकिकतीत नवल वाटणार नाही. १९७० साली या निजिन्स्कीने टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर या तिन्ही शर्यती जिंकून इंग्लंडचा त्रिमुकुट मिळविला. त्यापूर्वी हा मान १९३५ साली बहरामला मिळाला होता, आणि त्याचे मालक होते मुंबई-पुण्याशी ज्यांचा निकट संबंध ते आगाखान. निजिन्स्कीनंतर मात्र आजतागायत कोणत्याही घोड्याला हा त्रिमुकुट साधलेला नाही.

१९७७ ची डर्बी द मिन्स्ट्रेल या दुसऱ्या मुलाने जिंकली. हा बापासारखा लहानखुरा, तांबूस, चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा. अशा घोड्याला इंग्रज लोक अपशकुनी समजतात. आपल्याकडे त्यालाच ‘पंचकल्याणी’ म्हणून ओवाळतात. एकाच जनावराच्या अंगावर एका देशाला दोष दिसतो आणि दुसऱ्याला भाग्य.

तिसरा मुलगा १९८४ चा. त्या वर्षीच्या डर्बीची हकिकत सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. व्हिन्सेंट ओब्रायन यांचा एल ग्रान सेन्योर हा तोवर एकदाही न हरलेला घोडा. बाप नॉर्दर्न डान्सर. त्याच्या विरुद्ध सीक्रेटो. बाप तोच नॉर्दर्न डान्सर, आणि ट्रेनर डेव्हिड ओब्रायन, म्हणजे व्हिन्सेंट यांचा चिरंजीव. एल ग्रान सेन्योर पुढे सरसावला, आता जिंकणार असे वाटत असतानाच सीक्रेटोने त्याला गाठले आणि नाकाएवढ्या अंतराने मागे टाकले. पराभूत घोड्याच्या स्वाराने आडवे आल्याची तक्रार नोंदविली. पंचांचा निर्णय होईपर्यंत बापलेक ताटकळत उभे. तक्रार फेटाळली गेली. बापाच्या हातून कोट्यवधींची किंमत निसटली, ती मुलाच्या हाती पडली. त्या क्षणी व्हिन्सेंट ओब्रायन यांच्या मनात काय चालले असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

यशाबरोबर किंमत चढू लागली. १९६८ च्या अखेरीस घोडा अमेरिकेतील मेरीलँड येथे हलविण्यात आला होता. तेथे उंच घोड्यांच्या सोयीसाठी नव्हे, तर या ठेंगूच्या सोयीसाठी जमिनीला उंचवटा करावा लागला, एवढे सभ्यपणे सांगतो. दहा हजारांची फी वाढत वाढत १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास दहा लाख डॉलरांवर गेली; तीही शिंगरू होईलच अशा हमीविना. त्याची शिंगरे विकत घेण्यासाठी केंटकीतल्या कीनलंडच्या लिलावात आयर्लंडची मंडळी एका बाजूला आणि दुबईचे शेख मोहम्मद दुसऱ्या बाजूला अशी चढाओढ लागे. १९८३ च्या जुलैत एका शिंगरावर बोली चढत चढत १ कोटी २ लक्ष डॉलरांवर थांबली. शेखसाहेबांनी ते घेतले. स्नाफी डान्सर असे त्याचे नाव ठेवण्यात आले.

हा स्नाफी डान्सर एकही शर्यत धावला नाही. सरावातच तो इतका मंद ठरला की त्याला मैदानावर आणण्यात अर्थ उरला नाही. मग पैदाशीला ठेवला, तर तेथेही त्याला अवघी चार शिंगरे झाली. पंचवीस हजारांना बाप कोणी घेतला नाही, आणि एक कोटीला मुलगा घेतला तो असा निघाला. दोन्ही वेळी पाहणारे लोक अडाणी नव्हते. घोड्याच्या अंगाचा इंच न् इंच जाणणारे होते. पहिल्या वेळी त्यांनी उंची पाहिली आणि रक्त विसरले. दुसऱ्या वेळी रक्ताकडे डोळे लावले आणि समोरचे जनावर विसरले. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण ज्याने रचली, त्याने घोड्यांचा व्यापार केला नसावा.

१९८७ साली त्याला पैदाशीतून निवृत्त करण्यात आले. १६ नोव्हेंबर १९९० रोजी पोटशूळाने मेरीलँड येथे त्याचा अंत झाला. देह सरहद्दीपार नेऊन ओशावा येथे, जन्मभूमीत, पुरण्यात आला. टेलर यांची ती पागा २००९ साली बंद झाली आणि तिच्या जमिनीवर आता विद्यापीठ व वस्ती उभी आहे. घोड्याचे थडगे मात्र राहिले आहे.

तो गेला, तरी पसारा वाढतच राहिला. त्याचा मुलगा सॅडलर्स वेल्स हा ब्रिटन व आयर्लंडात चौदा वेळा अग्रगण्य जनक ठरला. सॅडलर्स वेल्सचा मुलगा गॅलिलिओ बारा वेळा. आणि गॅलिलिओचा मुलगा फ्रँकेल चौदा शर्यतींत अजिंक्य राहून २०१२ साली निवृत्त झाला, अगदी आपल्या पूर्वज नियार्कोप्रमाणे. डान्झिग नावाचा मुलगा गुडघा अधू असल्यामुळे जेमतेम तीन वेळा धावला. पण त्याचा वंश युरोप-ऑस्ट्रेलियाभर पसरला. जपानात नॉर्दर्न टेस्टने तेच केले.

आणि येथेच चिंतेचे कारण आहे. २०२० साली डब्लिन येथील संशोधकांनी जगभरच्या दहा हजारांहून अधिक थरोब्रेड घोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यापैकी शेकडा ९७ घोड्यांच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सरचे नाव आढळले, आणि गेल्या पाच दशकांत सगोत्र संबंध ठळकपणे वाढल्याचे दिसून आले. सगोत्र विवाहाचा निषेध करणाऱ्या आपल्या समाजाला याचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही. जो तो विजेत्याचेच रक्त मागतो, आणि सर्वांनी एकच रक्त मागितले की उणिवाही सर्वांच्या वाट्याला एकच येतात. अमेरिकेच्या जॉकी क्लबने २०२० साली एक नियम केला, की त्या वर्षी किंवा त्यानंतर जन्मलेल्या घोड्याकडे एका हंगामात १४० हून अधिक घोड्या पाठवू नयेत. पागामालकांनी कोर्टकचेऱ्या केल्या आणि २०२२ साली तो नियम मागे घेण्यात आला. माझ्या मते हे वाईट झाले. वंश टिकवावयाचा तर आवडत्या घोड्यालाही लगाम हवा. पण ज्यांचे भांडवल त्या घोड्यात गुंतले आहे, त्यांना हे कोणी पटवावे?

आपल्या देशातही हे रक्त आले आहे. नॉर्दर्न डान्सरचा रझीन नावाचा मुलगा १९९० च्या एप्सम डर्बीत मोठ्या अपेक्षेने उतरला आणि फार मागे राहिला. तिकडे निकामी ठरलेला तो घोडा भारतात उषा स्टड येथे आला, आणि येथे कित्येक हंगाम देशातील अग्रगण्य जनक म्हणून गाजला. महालक्ष्मीच्या शर्यतीच्या पुस्तिकेत प्रत्येक घोड्याच्या नावाखाली त्याच्या आईबापांची नावे छापलेली असतात. पैसे न लावताही ती पुस्तिका वाचता येते. बापाच्या नावापासून चार-पाच पायऱ्या मागे जावे. बहुधा तेथे ओशावाचे ते ठेंगणे शिंगरू उभे असते.